गाडीचं दुखणं : साकू म्हटलं की थांबायचं

खंडेनवमी जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. वर्षभर गाडीकडे ढुंकून न बघणारा माणूसही त्या दिवशी ती घासूनपुसून धुतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. यंदा बऱ्याच जणांना त्याआधी इंजिन ऑइलही आपल्याच हातानं बदलायचंय असं दिसतं. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. पहिलंच निम्म्याहून जास्त जागा खाणार आहे, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी सात वर्षांची आहे, वॉरंटी संपली. घरीच ऑइल बदलावं म्हणतोय. अंगणाच्या कडेनं उसाचा पाट जातो. पाटाच्या दोन्ही काठांवर चाकं ठेवून गाडी उभी केली की खाली आरामात शिरता येतं. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलंय, पण दुकानदार म्हणतो, जुनी गाडी आहे, २०डब्ल्यू-५० घाला. साडेतीन लिटरचा डबा आणलाय, सगळाच ओतू का? आणि ऑइल सोडायचा खालचा बोल्ट नेमका किती आवळायचा? (एक वाचक, बेडकिहाळ)

उत्तर : शेवटून सुरुवात करतो, कारण घरी ऑइल बदलणाऱ्यांची माझ्याकडे आलेली बहुतेक दुखणी त्या बोल्टाचीच असतात. आणि ती बोल्ट सैल राहिल्याची फार थोडी. जास्त आवळल्याचीच ढीगभर.

१९७४ साली मी निपाणीत, पुणे-बंगळूर रस्त्याकडेच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो. उस्ताद कानडी. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मराठी त्यांना चांगलं यायचं, पण हात कामात असले की तोंडातून कानडीच बाहेर पडायचं. त्यांच्याकडून मी शिकलेला पहिला शब्द 'साकू'. म्हणजे पुरे, बास. मी पान्याला लोंबकळायला लागलो की मागून आवाज यायचा, 'साकू, साकू!' पण पुरे म्हणजे किती, हे काही माझ्या टाळक्यात शिरेना. शेवटी अण्णांनी शेजारच्या तंबाखूच्या वखारीतून स्प्रिंगचा काटा मागून आणला, त्याचा आकडा पान्याच्या टोकाला अडकवला आणि म्हणाले, 'ओढ. मी सांगतो तिथं काटा आला की सोड.' आठवडाभर मी काट्याकडे बघत बोल्ट आवळत होतो. आठवड्यानंतर काट्याची गरज उरली नाही.

आज पुस्तिकेत हाच हिशेब न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो. छोट्या गाड्यांच्या ड्रेन बोल्टला बहुधा ३० ते ४० च्या दरम्यान. ३५ धरलं, तर आठ इंची रिंग पान्याच्या टोकाला काटा लावून काटकोनात ओढल्यावर साधारण साडेसतरा किलो दाखवला पाहिजे. माशाच्या किंवा भंगाराच्या वजनाला वापरतात तसला काटा घरात असेल तर एकदा करून बघाच. एवढ्यानं कसं भागेल असं वाटतं. भागतं. पूर्वीचे चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची भांडी, पत्र्याचे, थोडी मस्ती सहन करायचे. आता बऱ्याच गाड्यांना ॲल्युमिनियमचे असतात. त्यातले आटे गेले की अख्खं चेंबर उतरवायची पाळी येते. बोल्टाखालचा वायसर मात्र दर वेळी नवा घाला. तो मऊ धातूचा असतो, एकदा दबला की त्याचं काम झालं. थेंब गळायला लागला की लोक जुन्या वायसरला दोष न देता बोल्ट अजून पिळतात, आणि तिथून पुढचा खर्च सुरू होतो.

आता पाट. नको. पाटाचा काठ ओल्या मातीचा, वर गाडीचं वजन, आणि खाली तुम्ही उताणे. काठ ढासळायला एक क्षण पुरतो. शिवाय घमेलं कलंडलं तर ते ऑइल पाण्याबरोबर थेट उसात. गाडीबरोबर मिळालेल्या जॅकवरही गाडी ठेवून खाली जायचं नाही. तो पंक्चर काढायला दिलाय. आमच्या गल्लीतला एक पोरगा असाच 'दोनच मिनिटं' म्हणून शिरला आणि तीन बोटं घालवून बसला. नशीब त्याचं की बोटांवर निभावलं. पुढची चाकं चढवायचे लोखंडी रॅम्प मिळतात, बेळगावात उद्यमबागेत कुणीही वेल्डिंगवाला करूनही देतो, पण गाडीचं वजन सांगून करून घ्या. नाहीतर जॅकनं उचलून वजन पेलणाऱ्या लोखंडी घोड्यांवर ठेवा. खाली फरशी किंवा काँक्रीट हवं, माती नको. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. मग दोन्ही हातांनी गाडी हलवून बघा. हलली तर खाली जायचं नाही.

काम तसं अर्ध्या तासाचं. गाडी वर चढवण्याआधीच इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होऊन बुडातली घाण घेऊन उतरतं. लांबून आल्या आल्या मात्र हात घालू नका, त्या वेळी ऑइल शंभर अंशांच्या आसपास असतं आणि ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. वरचं ऑइल भरायचं झाकण सैल करा, खाली पसरट घमेलं सरकवा, बोल्ट पान्यानं सैल करून शेवटचे दोन-तीन आटे हातानं फिरवा. शेवटच्या आट्याला बोल्ट आत दाबून धरायचा आणि झटक्यात बाजूला घ्यायचा. पहिल्यांदा तो घमेल्यात पडणारच. माझाही पडला होता, आणि अण्णांनी मला तो गरम ऑइलमधून चिमट्यानं शोधायला लावला होता. ऑइलची धार सरळ खाली पडत नाही, बोल्टाच्या तोंडाच्या दिशेनं पुढं उडते. घमेलं त्या अंदाजानं ठेवा. धारेचे थेंब झाले की दहा मिनिटं चहा घेऊन या.

फिल्टर. इथं माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. २००९ साली एक गिऱ्हाईक बायकापोरांना घेऊन चोर्ला घाटानं गोव्याला बारशाला निघालं होतं. सकाळी माझ्याकडून ऑइल-फिल्टर बदलून घेतलं आणि गेलं. तासाभरात फोन. कुसमळीच्या पुलाजवळ डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा, आणि मागं रस्त्यावर काळा पट्टा. झालं होतं असं : जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली. मी बघितलं नाही. नवा फिल्टर त्याच्यावर चढवला. रिंगवर रिंग. गॅरेजात गाडी चालू करून बघितली, थेंब नाही. घाटाकडे लागल्यावर दाब वाढला, वरची रिंग सरकली आणि ऑइलनं वाट काढली. त्या माणसानं दिवा बघताक्षणी इंजिन बंद केलं म्हणून इंजिन वाचलं. 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' म्हणाला असता तर बेअरिंगं धरली असती. मी पाच लिटर ऑइल आणि नवा फिल्टर घेऊन मोटरसायकलनं गेलो, रस्त्यावरच काम केलं, पैसे घेतले नाहीत, आणि बारशाच्या घुगऱ्या मात्र नंतर त्यांनी आठवणीनं आणून दिल्या. तेव्हापासून जुन्या फिल्टरची रिंग हातात दिसल्याशिवाय मी नवा फिल्टर उचलत नाही. नव्याच्या रिंगला बोटानं थोडं नवं ऑइल चोळा, हातानं फिरवत न्या, रिंग टेकली की तिथून पाऊण फेरा. हातानंच. फिल्टरला पाना लागतो तो काढताना.

ऑइलच्या जाडीबद्दल दुकानदाराचं ऐकू नका. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं थंड इंजिनात ऑइल लवकर पळतं. मागचा आकडा म्हणजे इंजिन तापल्यावर, १०० अंशांना, ऑइल किती जाड राहतं ते. इंजिनाची झीज सकाळी सुरू करतानाच जास्त होते, कारण रात्रभर सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे कानटोपी लागते. त्या वेळी २०डब्ल्यू-५० ला वरपर्यंत चढायला उशीर लागतो, आणि आजच्या इंजिनातल्या बारीक फटी पातळ ऑइल धरूनच आखलेल्या असतात. जाड ऑइलची सवय आम्हाला ॲम्बेसेडर आणि फियाटच्या दिवसांत लागली. ती इंजिनं वेगळी होती. सात वर्षं म्हणजे गाडी म्हातारी नव्हे. धूर नाही, ऑइल पीत नाही, तर पुस्तिकेतलंच घाला. डब्यावरची एपीआयची, म्हणजे ऑइलच्या दर्जाची, अक्षरंही पुस्तिकेशी जुळवा. पेट्रोलला एसएन, एसपी अशी असतात, दुसरं अक्षर पुढचं तेवढं ऑइल नवं.

आणि डबा. सगळा ओतायचा नाही. पुस्तिकेत फिल्टरसह किती ऑइल लागतं ते लिहिलेलं असतं. त्याच्या अर्धा लिटर आत थांबा. गिअर काढून इंजिन एक मिनिट चालवा. लाल दिवा दोन-चार सेकंदांत विझला पाहिजे. बंद करा, खाली डोकावून बोल्ट आणि फिल्टर बघा, गाडी सपाटीवर आणा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून बुडवा. थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या जरा खाली आलं की साकू. 'आणलंच आहे तर' म्हणून जादा ओतलेलं ऑइल इंजिनात फिरणाऱ्या क्रँकच्या फटक्यानं घुसळलं जातं, त्याला ताकासारखा फेस येतो, आणि फेस काही बेअरिंगला वंगण देत नाही. सील फुटतात ते वेगळंच. पेला-दोन पेले कमी चालेल, एवढं जास्त चालणार नाही. तारीख आणि किलोमीटर पांढऱ्या रंगानं फिल्टरवरच लिहून ठेवा.

यात मजुरीचे पैसे वाचतात, तेवढेच. फार मोठी बचत होते असं मी सांगणार नाही.

प्रश्न : गॅरेजमधून ऑइल बदलून आणलं आणि पंधरा दिवसांत गेजवर काळं. गाडी डिझेल आहे. मला फसवलं का? (शिक्षिका, निपाणी)

उत्तर : बाई, नाही. डिझेलच्या काजळीनं नवं ऑइल एकाच दिवसात काळं होतं, पंधरा दिवस तर फारच झाले. ऑइलमध्ये घाण सुटी करून स्वतःत धरून ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात. ऑइल काळं झालं म्हणजे ते काम करतंय. मला शंका येते ती वर्षभर मधासारख्या दिसणाऱ्या ऑइलची. बदललं की नाही हे रंगावर ठरवू नका. पुढच्या वेळी जुना फिल्टर हातात मागा आणि समोर डबा फोडायला सांगा. भला मेकॅनिक रागावत नाही. आणखी एक : गाडी बीएस-६ असेल आणि धुराच्या नळीत काजळीचा फिल्टर असेल, तर कमी राखेचं ऑइल लागतं. ट्रॅक्टरसाठी आणलेलं त्यात घालू देऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा साय असल्यासारखा थर जमतो. हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) गेलं असं एकानं सांगितलं. घर ते दुकान, दोन किलोमीटर, एवढीच गाडी फिरते. (एक वाचक, कणकुंबी)

उत्तर : कणकुंबीत चार महिने उशीसुद्धा ओली असते, मग झाकण कोरडं कसं राहील? दोन किलोमीटरमध्ये इंजिन धड तापत नाही. आतली वाफ वर जाऊन थंड झाकणाला लागते आणि तिथं ऑइलशी फेटली जाते. गेज ओढून बघा. तिथलं ऑइल स्वच्छ असेल, रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर गॅस्केटला हात लावू नका. आठवड्यातून एकदा जांबोटीपर्यंत किंवा थेट बेळगावापर्यंत चक्कर मारा, थर आपोआप जाईल. पण गेजवरही दुधाच्या चहासारखं दिसलं आणि पाणी घटत असेल, तर गाडी चालू करू नका, ओढूनच न्या. असल्या छोट्या फेऱ्यांच्या गाडीला किलोमीटरवर जाऊ नका. पुस्तिकेत १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलं असेल, तर तुम्ही सहा महिन्यांनी बदला. पावसाळा संपल्यावर एकदा तरी नक्कीच.

ह्याच ओघात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्यांना सांगून ठेवतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी पाण्यात बुडालेल्या बऱ्याचशा दुरुस्त झाल्या. पाणी ओसरल्यावर 'बघू तरी सुरू होतीय का' म्हणून चावी फिरवलेल्यांची इंजिनं मात्र खोलावी लागली. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीची बॅटरी सोडा आणि टोइंगवाल्याला बोलवा.

प्रश्न : जळकं ऑइल आम्ही गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून लावतो. बैलाच्या खांद्यालाही वडील लावत आले. घरी ऑइल बदललं तर तेवढंच उपयोगी पडेल ना? (शेतकरी, संकेश्वरजवळ)

उत्तर : बैलाला लावू नका. जळक्या ऑइलमध्ये काजळी, धातूचा बारीक कीस, इंधनाचे अंश असतात, आणि त्यातली काही द्रव्यं कर्करोग करणारी आहेत. ते कातडीतून आत जातं, आणि जनावर अंग चाटतं ते निराळंच. खांदेसुजीला जनावरांचे डॉक्टर आहेत, आणि जूही एकदा तासून बघा. तुम्ही स्वतः काम करतानाही पातळ रबरी हातमोजे घाला. आम्ही कधी घातले नाहीत. माझ्या बोटांची कातडी थंडीत अजून फुटते.

मेढींचं म्हणाल तर लोक लावतात, मला माहीत आहे. पण पावसात ते धुऊन खाली येतं, आणि गोठ्याशेजारी आपली विहीर किंवा बोअर असतेच. आम्हीही शहाणे नव्हतो. उन्हाळ्यात गॅरेजपुढची धूळ बसावी म्हणून अण्णा जळकं ऑइल रस्त्यावर शिंपडायला लावायचे, आणि ते शिंपडणारा मीच होतो. पुढं त्याच रस्त्यावरच्या आडाच्या पाण्याला तवंग यायचा. त्याचा संबंध आमच्या बादलीशी आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. तीन लिटरसाठी तुम्ही त्यांना शोधत बसायची गरज नाही. नव्या ऑइलच्याच डब्यात नरसाळ्यानं भरा, बूच घट्ट लावा, वर 'जळकं' असं लिहा, म्हणजे घरातलं कुणी चुकून पंपात ओतणार नाही. जिथं ऑइलचं बॅरल भरून ठेवतात अशा मोठ्या गॅरेजात नेऊन द्या, आणि बॅरल कोण नेतं, त्याच्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना आहे का, एवढं विचारा. त्यात पेट्रोल, कूलंट, पाणी मिसळू नका. भेसळीचं ऑइल ते घेत नाहीत. फिल्टरही उपडा ठेवून रात्रभर निथळू द्या आणि सोबतच द्या.

प्रश्न : गाडीत घालून अर्धा लिटर ऑइल उरलंय. ते मोटरसायकलला चालेल का? (कॉलेज विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : नाही बाळा. तुझ्या मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. गाडीच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लचच्या प्लेटी घसरायला लागतात. आवाज वाढतो, पळ निघत नाही, आणि तू कार्बोरेटर साफ करत बसतोस. मोटरसायकलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ अशी ऑइलात बुडालेल्या क्लचसाठीची खूण लिहिलेली असते, तेच घाल. उरलेलं अर्धा लिटर बूच लावून गाडीच्या डिकीत ठेव. पुढच्या बदलीआधी कमी पडलंच तर तेवढंच त्यात घालायचं.

आणि डबा संपला की भंगारवाल्याला तसाच देऊ नकोस. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात स्वच्छ केलेलं जळकं ऑइल भरून परत विकणारे लोक आहेत. खिळा तापवून डब्याच्या बुडाला दोन भोकं पाड, मग दे.